युद्धाच्या रद्दीचा जमाखर्च

नोटा, कर्जरोखे, ठेवपावत्या, गहाणखते. बँकेत उमर काढलेल्या माणसाचा सारा व्यवहार जपून ठेवायच्या कागदांशी. त्यातला एखादा कागद गहाळ झाला तर अर्ज, हमीपत्र, साक्षीदार असे सगळे सोपस्कार करावे लागतात. निवृत्तीनंतर मला नाद लागला तो नेमक्या उलट जातीच्या कागदांचा. विमानातून फेकलेली पत्रके, भिंतींवर डकवलेली पोस्टरे, युद्धकर्जाच्या जाहिराती, शत्रूला शरण येण्यासाठी दिलेले परवाने. थोडक्यात, युद्धातली रद्दी. आमच्या घरात तिला हेच नाव आहे आणि त्यात गैर काही नाही. हे कागद टिकावेत म्हणून कुणी छापलेच नव्हते. वाचणाऱ्याचे मन चार दिवसांपुरते वळले की त्यांचे काम संपत असे.

छापले मात्र बेसुमार. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ३ सप्टेंबर १९३९ रोजी. त्याच रात्री व्हिटली जातीची ब्रिटिश विमाने जर्मनीवर गेली, तेव्हा त्यांच्या पोटात बाँब नव्हते. जर्मन जनतेला उद्देशून छापलेली पन्नास लाखांहून अधिक पत्रके होती. पुढे ब्रिटिश बॉम्बर कमांडचा प्रमुख झालेला आर्थर हॅरिस या उद्योगाविषयी कुचेष्टेने म्हणत असे की, यातून युरोप खंडाची शौचालयातल्या कागदाची गरज तेवढी भागली.

मग इतक्या कोटींनी छापलेला कागद आज दुर्मीळ का? एक कारण उघड आहे. शत्रूचे पत्रक खिशात सापडणे हा गुन्हा होता. जर्मनीत आणि जपानातही असा कागद सापडला की तो पोलिसांच्या हवाली करायचा असा दंडक होता. दुसरे कारण आपल्या रद्दीवाल्याला चटकन कळेल. युद्धात कागदाचीच टंचाई असते. कालचे पोस्टर आज लगद्यात जाते.

याची नामी गोष्ट ब्रिटनमधलीच आहे. ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ अशा अर्थाचे, वर मुकुट असलेले लाल पोस्टर आज चहाच्या मगांवर आणि टी-शर्टांवर जगभर दिसते. ते १९३९ साली सुमारे साडेचोवीस लाख प्रतींत छापले गेले, पण मोठ्या हवाई हल्ल्यानंतर लावू म्हणून राखून ठेवले आणि १९४० मध्ये बहुतेक प्रती लगद्यात गेल्या. २००० साली अ‍ॅलनिक या गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्यात त्याची एक घडी सापडली, आणि तिथून त्याची कीर्ती सुरू झाली. त्याच मालिकेतले जे पोस्टर खरोखर भिंतींवर लागले, त्याचा आशय असा होता की तुमचे धैर्य, तुमची उमेद, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोकांनी नाक मुरडले. धैर्य ‘तुमचे’ आणि विजय ‘आम्हाला’, हा कुठला हिशेब? हे पोस्टर आज फारसे कुणाला आठवत नाही. लोकांनी त्या काळात न पाहिलेला कागद जगप्रसिद्ध झाला आणि ज्याने लोकांना चिडवले तो मागे पडला.

म्हणूनच या छंदात सुंदर चित्रामागे धावू नये असे मला वाटते. बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात ती दुहेरी नोंद इथे कामी येते. एका बाजूला जमा लिहिले की दुसऱ्या बाजूला नावे पडलेच पाहिजे. त्याशिवाय ताळा जमत नाही. युद्धातले प्रत्येक पोस्टर ही सरकारने एकाच बाजूला केलेली नोंद असते. त्याची दुसरी बाजू वेगळ्या कागदावर असते, आणि तो बहुधा साध्या शाईचा, वेडावाकडा, चित्र नसलेला असतो. तो शोधून समोरच्या पानावर लावला तरच संग्रह म्हणायचा. नाहीतर ज्याने पोस्टर छापले त्याचाच प्रचार आपण आणखी काही वर्षे फुकट चालवतो.

बँकवाल्याची नजर आधी पैशाकडे जाते, म्हणून माझी सुरुवात तिथून झाली. दोस्त राष्ट्रांनी १९४४-४५ मध्ये जर्मन सैनिकांवर जे शरणागतीचे परवाने टाकले, ते पाहिल्यावर मी थक्क झालो होतो. मागे बारीक नक्षीच्या गुंतागुंतीच्या रेषा, वर राजमुद्रा, खाली आयझेनहॉवरची सही. हा परवाना आणणाऱ्याला नि:शस्त्र करावे, नीट वागवावे, अन्न आणि औषधपाणी द्यावे असा मजकूर. हुबेहूब शेअर सर्टिफिकेट! शत्रूच्या शब्दावर विश्वास बसत नसेल तर नोटेसारख्या दिसणाऱ्या कागदावर बसतो, हे छापणाऱ्यांनी ओळखले होते. फिलिपिन्समध्ये याच्या उलट युक्ती झाली. जपान्यांनी तिथे चालवलेल्या खऱ्याखुऱ्या नोटांवरच अमेरिकनांनी शिक्का मारला, की तुमच्या त्या सहसमृद्धीची किंमत काय? ती नोटच स्वत:विरुद्ध साक्षीदार झाली. १९९१ च्या आखाती युद्धातही इराकी सैनिकांवर पंचवीस दिनारच्या नोटेच्या रूपातली पत्रके पडली.

आपल्याकडची नोंदही पैशापासूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली आणि अपुरी पडली की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. १९१७ आणि १९१८ मध्ये हिंदुस्थानात युद्धकर्जे उभारली गेली, पोस्टातून कॅश सर्टिफिकिटे विकली गेली आणि त्यासाठी देशी भाषांतून पोस्टरे निघाली. सैन्यभरतीच्या एका पोस्टरवर माणूसच नाही. गणवेश, बंदूक आणि रुपये एवढेच मांडले आहेत आणि विचारले आहे, हे कोण घेणार? उत्तरही तिथेच आहे: जो ताबडतोब भरती होईल तो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात हे पोस्टर आहे. युद्ध चालू असतानाच, १९१७ साली, त्या संग्रहालयाची स्थापना ठरली आणि तिथली माणसे कागद गोळा करू लागली. या दूरदृष्टीचे कौतुकच करायला हवे.

पण या पोस्टरची दुसरी बाजू कुठे आहे? थोडी आपल्या गावांतल्या दगडांवर आहे. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा पाट्या सातारा आणि कोकण भागात आजही दिसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात गेले. कागदावरची दुसरी बाजू मात्र फार थोडी उरली. फ्रान्समधून आपल्या सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रे सेन्सॉरने वाचली आणि त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवालात घातले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे गावोगाव पोचली, कुणीतरी वाचून दाखवली, आणि पुढे कसरीने, पावसाने, रद्दीने बहुतेक नेली. म्हणजे भरती करणाऱ्याचे पोस्टर लंडनला, आणि भरती झालेल्याचा शब्दही सेन्सॉरच्या भाषांतरात लंडनलाच. कूतच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मध्ये, पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीही अडकल्या होत्या. तुर्कांनी तिथे हिंदी सैनिकांना फितवणारी पत्रके पाठवली. ती वाचून भुकेल्या जवानाच्या मनात काय आले, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे कागद त्या मानाने जवळचे. १९४३ पासून तांबे वाचवण्यासाठी काढलेला भोकाचा पैसा आमच्या पिढीने लहानपणी करगोट्यात ओवलेला आहे. तोही एका अर्थाने युद्धाचे पत्रकच. त्याच सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ ही सरकारी मोहीम सुरू झाली. घोषणा चांगलीच होती. पण त्याच १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. त्या दुष्काळात तीस लाखांपर्यंत माणसे गेली असा अंदाज आहे. चित्तप्रसाद भट्टाचार्य हा तरुण चित्रकार नोव्हेंबर १९४३ मध्ये मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडला आणि जे दिसले ते शाईने चितारून, नावांगावांसकट लिहून ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका त्याने काढली. सरकारने तिच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. चित्तप्रसाद पुढे १९४६ पासून कित्येक वर्षे मुंबईत, अंधेरीला राहिला. पुस्तिकेची एक प्रत त्याच्या कुटुंबाने जपली. कुठे, ते ऐका: बँकेच्या लॉकरमध्ये. त्या प्रतीवरून २०११ साली ती जशीच्या तशी पुन्हा छापली गेली.

लॉकरच्या दालनात ग्राहकाबरोबर दुसरी चावी घेऊन मी शेकडो वेळा गेलो आहे. दागिने, खरेदीखते, मृत्युपत्रे यांपलीकडे तिथे काही असेल असे कधी मनात आले नाही. एका दुष्काळाची दुसरी बाजू अशा एका पत्र्याच्या खणात पडून होती.

मुंबईचे उदाहरण याहून घरचे आहे. ‘बेफिकीर बोलणे प्राण घेते’ या आशयाची फुगासच्या विनोदी चित्रांची पोस्टरे ब्रिटनमध्ये १९४० साली निघाली. तशीच ताकीद इथेही होती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. शहर हादरले, शेकडो माणसे गेली, सोन्याच्या विटा उडून घरांवर पडल्या. साऱ्या मुंबईने ऐकलेला तो आवाज वृत्तपत्रांत मात्र उमटला नाही. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. इथल्या वृत्तपत्रांना सविस्तर छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणून त्या पोस्टरसमोर लावायला मला त्या आठवड्यातले वृत्तपत्र हवे आहे, ज्यात काहीच नाही. गप्प बसलेला कागद हीसुद्धा नोंद असते.

आणि १९४२ तर आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले. भिंतीवर सरकारचे पोस्टर आणि त्याच भिंतीआड चक्रमुद्रित भूमिगत पत्रके. ती बाळगणे म्हणजे तुरुंग. म्हणून वाचली की चुलीत. सीमेपलीकडे आझाद हिंदची तिकिटे जर्मनीत छापून तयार होती, पण टपालावर कधी लागली नाहीत. जपानी विमाने हिंदी सैनिकांवर रंगीत पत्रके टाकीत होती. एकाच घरातला एक भाऊ ब्रह्मदेशच्या आघाडीवर, दुसरा भूमिगत, अशीही घरे होती. त्या घरातल्या माणसाने कोणत्या कागदावर विश्वास ठेवायचा?

आता बाजाराविषयी दोन शब्द, कारण हा छंद स्वस्त राहिलेला नाही आणि बनावट माल पुष्कळ आहे. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा संगणकावरच्या लिलावात ‘अस्सल’ म्हणून मिळणारा कागद आधी भिंगाखाली धरावा. ठिपक्यांची नियमित जाळी सर्वत्र दिसली तर बहुधा ती जुन्या चित्राची नवी छपाई. कॅश काउंटरवर नोटा तपासायचा अतिनील दिवा इथेही उपयोगी पडतो. कागदात शुभ्रता आणणारी रसायने १९५० च्या आसपासपासून रुळली. त्याआधीचा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकत नाही. आणि घड्या, टाचणीची भोके, घामाचे डाग यांना भिऊ नये. कोरा करकरीत कागद छापखान्यातून थेट आलेला. घडीचा कागद कुणाच्या तरी खिशातून आलेला.

मालकीही तपासावी. हान्स साक्स हा बर्लिनचा ज्यू दंतवैद्य. त्याने साडेबारा हजार पोस्टरे जमवली; १९३८ साली नाझी गुप्त पोलिसांनी ती सगळी उचलून नेली. तो अमेरिकेत गेला, १९६१ मध्ये भरपाई मिळाली, पण पुढे कळले की काही पोस्टरे पूर्व बर्लिनमध्ये शिल्लक आहेत. १९७४ साली तो गेला तेव्हाही ती परत मिळाली नव्हती. २०१२ मध्ये जर्मन न्यायालयाने त्याच्या मुलाच्या बाजूने निकाल दिला आणि उरलेली चार हजारांहून अधिक पोस्टरे कुटुंबाला मिळाली. भिंतीवरच्या कागदावरही कुणाचा हक्क असतो.

आपल्याकडे असे खटले होणार नाहीत, कारण आपल्याकडे कागदच राहिले नाहीत. तरीही वाचकांपैकी कुणाच्या पणजोबांची लष्करी ट्रंक माळ्यावर असेल. रंग देण्यापूर्वी ती रिकामी करण्याची घाई करू नका. सेन्सॉरचा शिक्का असलेले कार्ड, रेशनचे कुपन, युद्धकर्जाची पावती, न कळणाऱ्या भाषेतले पत्रक. काहीही सापडले तर त्याला डिंक लावू नका, लॅमिनेशन करू नका, इस्त्री तर नकोच. जाड पाकिटात सपाट ठेवा आणि वेगळ्या चिठ्ठीवर लिहा: कुणाचे, कोणत्या गावचे, कुठून आले. आजी हयात असेल तर आधी तिला विचारा. नंतर जवळच्या इतिहास मंडळाला दाखवा, निदान छायाचित्र तरी द्या.

माझ्या वहीत भरतीच्या त्या पोस्टरचे छायाचित्र डावीकडच्या पानावर लावलेले आहे. उजवीकडचे पान अजून कोरे आहे. तिथे एखाद्या मराठी जवानाने मेसोपोटेमियातून घरी पाठवलेले साधे कार्ड लागावे, एवढीच इच्छा. त्याशिवाय ताळा जमत नाही.