ध्वनीने उतरणारा डोळ्यातला दाब

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया ही सगळी धडपड डोळ्यातला दाब उतरवून उरलेली दृष्टी राखण्याची. म्हणूनच फ्रान्समध्ये लियाँजवळच्या आयटेककेअर कंपनीचे ‘आयऑप-१’ हे यंत्र मला मोलाचे वाटते.

डोळ्याच्या रंगीत पडद्यामागे सिलिअरी बॉडी असते. ती दर मिनिटाला सुमारे दोन-अडीच मायक्रोलिटर द्रव स्रवते. त्याच्या निचऱ्याची वाट अडली की दाब चढतो आणि दृष्टिचेतेचे तंतू मरू लागतात. नेहमीच्या शस्त्रक्रियेत सर्जन निचऱ्याला नवी वाट कापून देतो. हे यंत्र मात्र ध्वनीने नळच थोडा आवळते.

कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ जॅक्सन कोलमन आणि अभियंता फ्रेडरिक लिझी यांनी १९८० च्या दशकात ती रुग्णांपर्यंत नेली. पण त्यांचे यंत्र बोजड होते. डोळ्यावर पाण्याचे कुंड धरायचे आणि एकेका जागेवर नेम साधायचा. लेसर सुटसुटीत ठरले आणि ते यंत्र मागे पडले.

फ्रेंच अभियंत्यांनी नेम धरण्याचे काम एका कड्यावर सोपवले. डोळ्यावर शंकूच्या आकाराचा आधार बसतो, त्यात हे कडे, आणि मधल्या जागेत सलाइन. कड्यावरचे सहा स्फटिक २१ मेगाहर्ट्‌झचा ध्वनी पाळीपाळीने काही सेकंद सोडतात. सोनोग्राफीतल्यासारखाच हा ध्वनी, पण सिलिअरी बॉडीवर एकवटलेला. तिथले ऊतक तापते आणि द्रव कमी स्रवतो. काही द्रव श्वेतपटलातून बाहेर झिरपायलाही मदत होते, असे संशोधक मानतात. हे सारे काही मिनिटांत उरकते. छेद नाही, टाका नाही. डोळा मात्र इंजेक्शनने बधिर करावा लागतो.

२०११ मध्ये फ्लोरां आप्तेल आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष मांडले. इतर उपायांना दाद न देणारे हे डोळे होते. सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ३८ मिलिमीटरवरून सहा महिन्यांत २६-२७ वर आला. उतार खरा, पण २१ ही निरोगी दाबाची वरची मर्यादा तरीही दूरच. पुढे उपचाराचे सेकंद वाढवले गेले. काहींना गुण येत नाही, काहींचा दाब पुन्हा चढतो. मग उपचार पुन्हा करता येतो. डोळा लाल होणे किंवा बाहुलीचा आकार बदलणे असे त्रासही होऊ शकतात. त्यामुळे थेंब बंद करून या यंत्राची वाट पाहणे धोक्याचे आहे.

काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि नजर कडेकडेने खातो. चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, तर डोळ्यांचा दाब आणि दृष्टिचेता या महिन्यातच तपासून घ्या.