घराचें कुंपण आणि अंगणांतील दिवा

चोर आधीं बागेंत येतो, मग भिंतीशीं, हें शूद्रकानें फार पूर्वींच दाखवून ठेविलें आहे. ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या बागेंतून शिरतो, नित्याच्या अर्घ्याच्या पाण्यानें क्षार लागून जेथें भिंत पोकळ झाली आहे, नेमकें तेथेंच भगदाड पाडतो आणि आंतील दिवा एक किडा सोडून विझवितो. झाडी, ओल आणि दिवा या तिन्ही गोष्टींकडे गृहस्थानें लक्ष द्यावयास हवें.

सातारा-सांगलीकडील कित्येक घरांतील कर्तीं मुलें आज पुण्या-मुंबईस वा परदेशीं असतात आणि मोठ्या घरांत दोन वृद्ध माणसेंच उरतात. तेव्हां हा प्रश्न केवळ भांड्याकुंड्यांचा नव्हे.

कौटिल्यानें तटाबाहेरील मातीच्या उंचवट्यावर कांटेरी झुडपें लावावयास सांगितलें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतहि गडाच्या घेऱ्यांतील झाडी जतन करण्याविषयीं सक्त ताकीद आहे. पण गडावर अहोरात्र पहारा असे, आमच्या अंगणांत तो नसतो. पहाऱ्यावांचून दाट झाडी चोराच्याच उपयोगीं पडते. म्हणून कुंपण कांटेरी असावें, परंतु कमरेइतकेंच, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यास अंगण दिसेल. पुरुषभर उंच भिंत बांधून निर्धास्त झोंपणाऱ्यांचें आम्हांस नवल वाटतें. एकदां ती ओलांडली कीं चोरास कोण पाहणार? साताऱ्याच्या खडकाळ उतारावर करवंदीची जाळी सुरेख होते; खिडक्यांखालीं बोगनवेल छाटून ठेवावी. सागरगोटाहि उत्तम, शिवाय मुलींस खेळावयास गोटे मिळतात. शेर मात्र नको. त्याचा चीक डोळ्यांस घातक. गच्चीकडे झुकलेली पेरूची फांदी निर्दयपणें तोडावी आणि मोरीचें पाणी मागील भिंतीशीं मुरूं देऊं नये.

दिव्याविषयीं लोकांचा समज असा कीं, प्रकाश जितका प्रखर तितका बरा. तसें नाहीं. उघड्या झगझगीत दिव्यानें पाहणाराचेच डोळे दिपतात व बाजूची सावली अधिक काळी होते. दिवा वळचणीखालीं उंच, वरून झाकलेला व प्रकाश खालीं पाडणारा असावा. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास जळला तरी महिन्यास तीन युनिटांहून कमीच वीज लागते. गांवीं जातांना तो चालूच ठेवून जाणें मात्र वेडेपणाचें, कारण भर दुपारीं जळणारा दिवा घर रिकामें असल्याची दवंडीच पिटतो. अंधार पडतांच आपोआप लागणारा व उजाडतां विझणारा दिवा बाजारांत मिळतो. चाहुलीनें पेटणारा दिवाहि चांगला, पण तो मांजरानेंहि पेटतो; त्याचें तोंड शेजाऱ्याच्या शयनगृहाकडे नसावें.

सांगलीकरांची अडचण आणखी निराळी आहे. २००५ व २०१९ सालीं कृष्णेचें पाणी शहरांत शिरलें, तेव्हां असंख्य कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं आणि बुडालेल्या भागांत वीजहि नव्हती. नदीकांठच्या घरांनीं निदान एक सौर दिवा गच्चीच्या कठड्यावर बसवावा. श्रावणांतील अभ्राच्छादित दिवसांत तो रात्रभर पुरणार नाहीं, हें ध्यानांत ठेवून घर सोडतांना वरच्या मजल्यावर राहिलेल्या शेजाऱ्यास सांगून जावें.