भुयाराचा नकाशा कोणाकडे असतो?

जुन्या व्हिडिओ गेम्सचा विषय निघाला की 'बालपणाच्या आठवणी' एवढं म्हणून आपण तो मिटवून टाकतो. मला हे उत्तर अपुरं वाटतं. २००७ साली जपानमध्ये 'एट्रियन ओडिसी' निघाला, २०१२ साली फिनलंडमध्ये 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक'. दोन्ही भुयारांत भटकण्याचे, जुन्या पठडीतले खेळ. मूळचे खेळ आले तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुलं ते खेळली. ज्याची आठवणच नाही, त्याची ओढ कुठून आली?

त्यासाठी मूळ खेळ जरा नीट बघू. 'विझर्ड्री', १९८१. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ॲपल टू संगणकासाठी तो लिहिला. आपण सहा जणांची टोळी बांधायची, लढवय्ये, मांत्रिक वगैरे, आणि खाली उतरायचं. भुयाराचे दहा मजले, प्रत्येक मजल्यावर वीस गुणिले वीस, म्हणजे ४०० घरं. पडद्यावर काय दिसतं? चार रेघांनी काढलेला बोळ. नकाशा नाही! तो खेळणाऱ्याने ग्राफपेपरवर पेन्सिलीने काढायचा.

आणि गंमत अशी, की भुयार तुम्हाला फसवतं. एखाद्या घरात पाऊल पडलं की न सांगता तुमचं तोंड भलतीकडे फिरवतं. कुठे मिट्ट काळोख. मजल्याची एक कड थेट समोरच्या कडेला जोडलेली असते. वाट मोकळी असेल आणि सरळ वीस घरं चालाल, तर निघालात तिथेच परत याल. कागद मात्र म्हणतो, ही नवी जागा! आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर समोरची भिंत प्रत्यक्ष, बाकी सगळं अनुमान. शंका आलीच तर 'डुमापिक' नावाचा मंत्र आहे, तो जिन्यापासूनचं तुमचं अंतर सांगतो. पण मंत्र मोजकेच असतात. इथे खात्रीसुद्धा फुकट मिळत नाही.

'एट्रियन ओडिसी'ने ग्राफपेपर खालच्या पडद्यावर आणला, पण रेघ ओढायची आपणच. 'ग्रिमरॉक'मध्ये नकाशा आपोआप उमटतो. तरी तो बंद ठेवून खेळायची सोय मुद्दाम दिली आहे. सोय नाकारण्याची सोय, बघा!

आता मरणाचं. 'विझर्ड्री'त मेलेल्याला देवळात नेऊन जिवंत करता येतं, पैसे मोजून. विधी फसला तर त्याची राख होते. राखेवरचा विधीही फसला, तर तो कायमचा गेला. हे सगळं डिस्कवर लिहिलं जातं. काही जण ते लिहिलं जाण्याआधीच संगणक बंद करत. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. पण खेळातली भीती त्यांनी स्वतःच घालवली, एवढं खरं.

सहाही जण मेले तर? प्रेतं भुयारातच राहतात. नवी टोळी बांधून ती आणायला जावं लागतं. ही नवी माणसं अगदी कच्ची, हातात साधी शस्त्रं, अंगात बळ नाही. जुन्या टोळीने कमावलेलं सामर्थ्य खाली पडलेलं. पण टेबलावरचा तो ग्राफपेपर? तो तसाच आहे. फसवं घर कुठलं, काळोख कुठे सुरू होतो, हे खेळणाऱ्याला माहीत आहे. टोळीतल्या एकानेही ते भुयार कधी पाहिलेलं नाही, आणि तरी पहिल्या वळणावर त्यांचं पाऊल चुकत नाही.