जुना लॅपटॉप भंगारात घालू नका!

पालकहो, पोटाला चिमटा घेऊन मुलीसाठी आणलेला लॅपटॉप ‘नवे विंडोज घेत नाही’ म्हणून फेकू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व नवा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप या अटींत बसत नाहीत. मग वाशिम-कारंज्याच्या मजुराने पुन्हा कर्ज काढायचे काय?

मुळीच नाही. लिनक्स मिंट ही प्रणाली मोफत आहे. २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर सुखाने चालते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, फायली दुसरीकडे उतरवून ठेवा, मगच बसवा. अर्ज, टंकलेखन, अभ्यास यांना ती पुरते. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, हे बी.कॉम.च्या मुलांनी ध्यानात ठेवावे. वाचलेला पैसा फीला लावा!