हाड मोडल्यानंतरचे तीन दिवस

सारसोळ्यातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पामबीच रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला, मांडीचे हाड मोडले, की घरची माणसे म्हणतात, "पायावर निभावले." पालकांना आमचे सांगणे आहे, पुढचे तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहा.

मटणाच्या नळीत मगज असतो, तसा आपल्याही हाडांत असतो. लहानपणी त्यात चरबी कमी असते, वयाबरोबर ती वाढते. लांब हाड मोडले की चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसात, मेंदूत अडकू शकतात. यालाच फॅट एम्बोलिझम म्हणतात. १८६२ साली झेंकर या जर्मन डॉक्टरांनी चिरडून मेलेल्या रेल्वे कामगाराच्या फुप्फुसात अशी चरबी पाहिली होती.

हा विकार क्वचित होतो, पण जिवावर बेततो. बहुधा २४ ते ७२ तासांत धाप लागते, मूल असंबद्ध बोलते, गुंगीत जाते. छातीवर, काखेत बारीक लाल ठिपके उठतात. ठिपके सर्वांनाच येत नाहीत. "औषधाची गुंगी असेल," म्हणून थांबू नका. ताबडतोब नर्सला, डॉक्टरांना सांगा.

यावर हमखास औषध नाही. प्राणवायू देऊन रुग्णाला सावरावे लागते. हाड लवकर स्थिर केले तर धोका घटतो. म्हणून मोडलेला पाय फळीला बांधा, चोळू नका, हाडवैद्याकडे वेळ दवडू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले तर ते लांबवू नका.

एवढे शेजारच्या घरीही सांगा.