एकराने मोजलेला माणूस

खाणकंपनीची स्थानिक जनतेविषयीची जबाबदारी हा विषय निघाला की शाळेची खोली, फिरता दवाखाना, शिलाई यंत्रांचे वाटप असे चित्र पुढे केले जाते. पण ही ‘स्थानिक जनता’ म्हणजे नेमके कोण, हे कोणी विचारत नाही. बुलडाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात उंद्री हे गाव आहे. या काळ्या पाषाणाच्या मुलखात दगडी कोळसा नाही की लोखंड नाही. निघतो तो मुरूम आणि खडी. कायद्याच्या भाषेत हे ‘गौण खनिज’. तरीही खाणीचा प्रश्न इथल्या दलित वाचकाला परका नाही. तो मुळात जमिनीचा प्रश्न आहे; ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला गावाच्या हिशेबात धरायचे की नाही, याचा प्रश्न आहे.

याच जिल्ह्याच्या नावाने ‘बुलडाणा पॅटर्न’ प्रसिद्ध झाला. महामार्गाच्या भरावाला लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले, शेततळी खोल करून घ्यायचा. रस्ताही होतो, पाणीही साठते. कल्पना चांगली आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण साठलेले पाणी ज्याच्याकडे विहीर आणि मोटर आहे त्याच्या शेतात आधी पोचते. ज्याला शेतच नाही त्याच्या वस्तीच्या हापशीला फार तर चार दिवस जास्त पाणी राहते. लाभाची वाट इथेही सातबाऱ्यावरूनच जाते.

हे मोजमाप अगदी उघडे पाहायचे असेल तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात जावे लागते. घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, सास्ती ही तिथली नावे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी कारभार पाहू लागली. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात हिशेब स्पष्ट लिहिला आहे : दोन एकर जमिनीमागे एक नोकरी. ज्याची जमीन थोडी त्याने इतरांशी गोळाबेरीज करावी किंवा पैसे घ्यावेत. ज्याची जमीनच नाही त्याच्यासाठी त्या धोरणात काय आहे? स्वयंरोजगाराला मदत, आणि शक्य असेल तिथे ठेकेदारांना सांगून काम मिळवून देण्याचा प्रयत्न. एकाचा हक्क, दुसऱ्यासाठी शिफारस.

उघडी खाण काय करते ते पाहा. वरची माती आणि दगड उपसून त्यांचे डोंगराएवढे ढिगारे रचले जातात. खड्ड्यात झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. त्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे जातात. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २००९ साली चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत घातले. ही धूळ श्वासातून घेणाऱ्याला त्याचा भूमापन क्रमांक कोणी विचारत नाही. भरपाई घ्यायला गेला की पहिला प्रश्न तोच.

आता सालदाराचा विचार करा. मालकाच्या शेतावर वर्षाच्या कराराने राबणारा, बायको निंदणीला आणि कापूस वेचायला, दोन शेळ्या गायरानावर. शेत खाणीत गेले. मालकाला मोबदला मिळाला, मुलाला नोकरी लागली. सालदाराचे साल गेले, बायकोची मजुरी गेली, गायरान गेले. त्याच्या नावाने एकही कागद निघाला नाही, कारण त्याचे काही गेले असे कागदावर दिसतच नाही. गावकुसाबाहेर ठेवण्याची ही नवी रीत आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने ही चूक तत्त्वतः मान्य केली, हे सांगितले पाहिजे. त्याच्या ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीन नसलेले शेतमजूर, बटईदार, कारागीरही येतात. अट अशी की संपादनापूर्वी ३ वर्षे ते तिथे काम करीत असावेत आणि त्यांची मुख्य उपजीविका बुडालेली असावी. व्याख्या उदार आहे. पण सालदाराला नेमणुकीचे पत्र कोण देतो? मजुराची हजेरी मालकाच्या वहीत, आणि मालक गाव सोडून गेलेला!

हा गुंता सोडवायचा तर ‘जबाबदारी’ या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले होते. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर, आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, औषधपाणी. तो निधी कामगारांपुरता होता, भोवतालच्या गावांपुरता नव्हता, हे खरे. पण तत्त्व महत्त्वाचे आहे. मालकाची मर्जी, नफ्याचे वर्ष, दानत यांच्यावर काहीच सोडलेले नव्हते. माल हलला की देणे लागू.

आजचा कंपनी कायदा २०१३ चा. मोठ्या कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे, असे तो सांगतो. कोणते काम, कोणत्या गावात, हे संचालक मंडळ ठरवते. नफा नसेल तर देणेही नाही. १९९७ च्या ‘समता’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रातील खाणींसंदर्भात निव्वळ नफ्याचा किमान २० टक्के भाग स्थानिक विकासाच्या कायम निधीसाठी बाजूला काढण्याची भाषा केली होती. वीसवरून दोन! दोन्हींचा कायदेशीर आवाका वेगळा आहे, पण विचाराची घसरण लपत नाही.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान त्या मानाने बाबासाहेबांच्या वाटेच्या जवळचे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकाला स्वामित्वधनाच्या वर आणखी रक्कम द्यावी लागते : १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के, नंतरच्यांना १० टक्के. हे दान नाही, टनामागचे देणे आहे. मात्र पैसा जिल्ह्याच्या ठिकाणी जमतो आणि तो कुठे जाईल हे जिल्ह्याचे वजनदार लोक ठरवतात.

नोकरीची गोष्ट तर याहून कडवी आहे. सरकारी कंपनीच्या थेट भरतीत राखीव जागा आहेत. दलित तरुणांच्या एका पिढीला खाणीच्या पगाराने घर आणि शिक्षण दिले. पण माती उपसण्यापासून कोळसा वाहण्यापर्यंतचे काम ठेकेदारांकडे गेले आहे, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटाला आरक्षण लागत नाही. भूमिहीनाला धोरणाने दाखवलेले दार नेमके तेच, ठेकेदाराचे.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी असावी. संपादनाची अधिसूचना निघण्याआधी ग्रामसभेने भूमिहीन कुटुंबांची यादी करावी : कोण कोणाच्या शेतावर किती वर्षे, गायरानावर कोणाची गुरे, पाणी कोणत्या विहिरीचे. खनिज प्रतिष्ठानाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतही बाधितांची अद्ययावत यादी ठेवण्यास सांगितले आहे; तिची प्रत दलित वस्तीत वाचून दाखवली पाहिजे. आणि ही गोष्ट फक्त चंद्रपूरची नाही. गौण खनिजांच्या पट्टेधारकांकडूनही असा निधी घेण्याची मुभा त्याच २०१५ च्या दुरुस्तीने राज्यांना दिली आहे. उंद्रीच्या शिवारात किंवा शेजारी खडीची खदान सुरू होईल तेव्हा गौण खनिजाच्या त्या निधीतून वस्तीच्या हापशीसाठी, खडी फोडणाऱ्या मजुराच्या छातीच्या तपासणीसाठी किती रक्कम ठेवली, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो, आणि तो इतिवृत्तात लिहून घेता येतो.