गंज काढायचा, धातू ठेवायचा

बेडसे हे पवन मावळातले डोंगरपायथ्याचे गाव. बाहेरच्यांना ते लेण्यांमुळे माहीत आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की पडवीत टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा पडवीत एखादी जुनी जावा किंवा येझदी ताडपत्रीखाली दहा-पंधरा पावसाळे उभी राहिली, तर तिच्या इंजिनाचे काय होईल? हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. ताडपत्री पाऊस अडवते, बाष्प नाही. पहाटे गार पडलेल्या धातूवर तिच्या आतही दव धरते.

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनत होत्या. १९९६ मध्ये तो बंद पडला. तेव्हा साफ करताना एखादा भाग बिघडला, तर त्याच साच्यातला नवा तिथून येणार नाही. म्हणून गंज काढण्याआधी थोडे रसायनशास्त्र आठवावे.

गंज ही धातूला बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. ते लोखंडच आहे. ऑक्सिजन व पाण्याशी संयोग पावून त्याचे सजल ऑक्साइड झालेले आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. गंजलेल्या सिलिंडरात पिस्टन अडकून बसतो, त्याचे हे एक कारण. जे लोखंड गंजात गेले ते कोणत्याही द्रावणाने परत मिळत नाही. आपल्या हाती एवढेच असते की गंज विरघळावा आणि खालचा धातू विरघळू नये.

इंजिनात मात्र धातू एक नसतो. जुन्या जावाचा सिलिंडर बिडाचा, हेड, पिस्टन व क्रँककेस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, कार्ब्युरेटरमधले जेट पितळेचे. काही जुन्या कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. म्हणून पहिले उपकरण लोहचुंबक. चिकटला तर लोखंड, बीड किंवा पोलाद. चिकटला नाही आणि भाग हलका वाटला तर बहुधा ॲल्युमिनियम. जड वाटला तर जस्त किंवा पितळ.

फरशी धुण्याचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, गंज भराभर खाते. पण गंज संपल्यावर ते थांबत नाही. खालच्या लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटू लागतो. त्यातला काही हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. किकची स्प्रिंग अशी ‘स्वच्छ’ केली, तर दिसायला छान दिसते व पुढे एका लाथेत तुटते. स्प्रिंगांना आम्ल लावूच नये, रॉकेल व ब्रश पुरे.

बिडाच्या व पोलादाच्या इतर भागांना किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, बरे. ते सौम्य आहे आणि सुटलेल्या लोहाच्या आयनांना धरून द्रावणात ठेवते. तरीही भाग बुडवून गावाला जाऊ नये. तासातासाने पाहावे, गंज गेला की काढावा. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर पॉलिश पेपर घासण्याचा मोह टाळावा. पिस्टन व सिलिंडर यांतली फट मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते.

दुसरी रीत विद्युत अपघटनाची. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी, गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी पत्रा धन टोकाला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. इथे खालचे लोखंड झिजत नाही, हा मोठा फायदा. पण धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातील क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन सुटतो. ऋण टोकाला हायड्रोजन निघतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी आणि जवळ विडी-काडी नसावी.

खरा घात होतो तो ॲल्युमिनियमचा. त्याच्यावरचा ऑक्साइडचा अतिपातळ थर त्याचे रक्षण करतो, पण हे ऑक्साइड उभयधर्मी असल्याने तीव्र आम्लात विरघळते तसेच अल्कातही. तेलकट क्रँककेस कॉस्टिक सोड्यात टाकली की तेलाच्या पाठोपाठ धातूही जातो. धुण्याच्या सोड्याची बादलीही तिला वर्ज्यच. वर्गात हे दाखवता येते. एका पेल्यात गंजका खिळा व लिंबूफुलाचे पाणी रात्रभर ठेवा. दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचे गरम, दाट द्रावण घेऊन स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा टाका आणि बुडबुडे पाहा. कॉस्टिक सोडा मुलांच्या हाती देऊ नये. क्रँककेस रॉकेलने धुवावी, पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने काढावी. चकाकी आली नाही तरी चालते. इंजिन चकाकीवर चालत नाही.

गंज गेलेले लोखंड उघडे पडलेले असते, आणि मावळच्या हवेत ते पाहता पाहता पुन्हा तांबूस होते. आम्लातून काढताच धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, पुन्हा कढत पाण्याने धुवावे. कढत पाणी एवढ्यासाठी की भाग तापून आपोआप वाळतो. लगेच तेलाचा हात फिरवावा. आणि ऑक्टोबरपर्यंत थांबता येत असेल, तर हे काम पावसाळ्यात काढूच नये.